कोल्ह्याला बिस्किटं घालणारा मित्र

पत्र :

मी नेरूळला राहतो, वय ६८. रोज पहाटे साडेपाचला आम्ही आठ-दहा जण पाम बीच रोडच्या खाडीकडच्या बाजूला फिरायला जातो. तिवरांच्या कडेला कोल्हे आहेत. वर्षभरापूर्वी आमची चाहूल लागली तरी पळायचे. पण आमच्यातले एक मित्र (तीस वर्षांची ओळख, दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या, मुलगा परदेशात) त्यांना रोज ग्लुकोजची बिस्किटं घालतात. आता दोन कोल्हे ठरल्या जागी येऊन बसलेले असतात. कुत्रीही जमतात. परवा माझी नऊ वर्षांची नात बरोबर होती. एक कोल्हा तिच्यापासून सात-आठ फुटांवर आला, तिनं बिस्किट पुढे केलं आणि मी तिला दंडाला धरून मागे ओढलं. त्यावरून घरात वाद. सूनबाई म्हणते, तिला पुन्हा नेऊ नका. मुलगा म्हणतो, एवढं काय त्यात! मित्र म्हणतो, मुक्या जिवाला दोन घास घातले तर पुण्यच लागेल. नातीला प्राण्यांचं वेड आहे, मोबाईलवर साप पकडणाऱ्यांचे व्हिडिओ बघत असते. जुलैमध्ये सोसायटीच्या पार्किंगमध्ये साप निघाला, वॉचमननं तो तिच्यासमोर काठीनं मारला. त्या रात्री ती जेवली नाही. मित्राला कसं सांगू? नातीला या सगळ्यापासून लांब ठेवू का? आणि या कोल्ह्यांना रेबीजची लस देता येते का?
— एक आजोबा, नेरूळ

उत्तर :

काका, नमस्कार.

दंडाला धरून मागे ओढलंत ते योग्यच केलंत, मनात किंतु ठेवू नका. सूनबाईंची काळजी खरी आहे, पण नातीला घरात बसवून ती मिटणार नाही. मुलाचं ‘एवढं काय त्यात’ मात्र मला अजिबात मान्य नाही. का, ते सांगते. तुमच्या मित्रांबद्दल नंतर सविस्तर लिहिते, कारण या पत्रातला सगळ्यात अवघड भाग तोच आहे.

आधी कोल्ह्याचं. तुमच्याकडे दिसतो तो सोनेरी कोल्हा. आठ-दहा किलो वजनाचा, गावठी कुत्र्यापेक्षा अंगानं हलका, पाय बारीक, तोंड निमुळतं, शेपूट झुपकेदार आणि टोकाला काळी. खाडीकाठी तो काही पाहुणा नाही. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली आली. करावे, सारसोळे, दिवाळे ही गावं त्याच्या कितीतरी आधीची. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून बघा, कोल्हेकुईचं त्यांना नवल वाटणार नाही. तिवरांत त्याला काय मिळत नाही? चिंबोऱ्या, ओहोटीला चिखलात अडकलेली मासळी, उंदीर-घुशी, पक्ष्यांची अंडी, पडलेली फळं, मेलेलं काहीबाही. हा प्राणी खाण्याच्या बाबतीत फार सोवळा नाही, म्हणूनच शहर अंगावर आलं तरी टिकला. बिस्किटांवाचून त्याचं काही अडत नव्हतं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा वाचलं : वर्षभरापूर्वी चाहूल लागली तरी पळायचे. ती अवस्था उत्तम होती. कोल्ह्याला माणसाशी काही देणंघेणं नसणं, यातच तुमची, नातीची आणि त्या कोल्ह्याचीही सुरक्षितता होती. बिस्किटांनी नेमकं ते घालवलं. आता त्याच्या लेखी दोन पायांवर चालणारं जे काही येतं, त्याच्या हातात खाऊ असतो. उद्या एखादी बाई डबा घेऊन कामाला निघाली किंवा एखादं पोर हातात वडापाव घेऊन उभं राहिलं, तर कोल्हा तुमच्या मित्रांकडे जातो तसाच त्यांच्याकडे जाईल. ती बाई किंचाळेल, पोर पळेल, आणि पळणाऱ्याच्या मागे धावायचं हे कोल्ह्या-कुत्र्याच्या रक्तातच आहे. चावा बहुतेक वेळा असाच घडतो. त्यात दुष्टपणा कोणाचाच नसतो.

याहून गंभीर गोष्ट रेबीजची, आणि ती तुमच्या ग्रुपमध्ये कोणाच्या लक्षात आली नसावी. कोल्ह्याला रेबीज झाला तर सगळ्यात आधी लक्षात येणारी खूण कोणती? तो माणसाला घाबरेनासा होतो. दिवसाढवळ्या उघड्यावर येतो, जवळ येतो, बाजूला होत नाही. लाळ गळणं, झोकांड्या खाणं, दिसेल त्याला चावणं हे पुढचं. काही जनावरांत ते दिसतंही, काहींत नुसती सुस्तीच दिसते. म्हणजे रानातला कोल्हा न घाबरता जवळ आला की सावध व्हायचं, एवढी एक सोपी खूण आपल्या हातात होती. तुमच्याकडे आता सगळेच कोल्हे न घाबरता जवळ येतात. त्यातला आजारी कोणता आणि बिस्किटाला चटावलेला कोणता, हे पहाटेच्या अंधारात तुम्ही ओळखणार कसं? खाडीपलीकडे चेंबूर भागात २०२४ मध्ये मेलेल्या कोल्ह्याच्या तपासणीत रेबीज निघाला होता. ती खाडी आणि तुमची खाडी एकच. लगेच घाबरून जाऊ नका, नुसता दिवसा दिसलेला कोल्हा आजारीच असतो असंही नाही. पण अंतर राखायला हे कारण पुरेसं आहे.

त्यात कुत्रीही जमतात म्हणता. कुत्री आणि कोल्हे एका पुड्याभोवती आले की भांडणं होणार, चावाचावी होणार, आणि एकाचा आजार दुसऱ्याला लागणार. रेबीज तर आहेच, शिवाय कुत्र्यांतला डिस्टेंपर हा विषाणूचा आजार कोल्ह्यांनाही होतो. तुमचे मित्र ज्यांना जगवायला जातात त्यांच्याच जिवावर हे उठू शकतं. पाम बीचवरच्या गाड्यांचा वेग तुम्ही रोज बघता. रस्त्याकडेला थांबायची सवय लागलेला कोल्हा किती दिवस टिकेल?

आता एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना बसवून सांगा, मुलाला तर आवर्जून. कोल्हा, माकड, मुंगूस, कोणताही रानटी सस्तन प्राणी चावला, त्याचा दात किंवा नख लागून कातडी फाटली, किंवा जखमेला त्याची लाळ लागली, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं; आपल्याला दोन मिनिटंच पंधरा वाटतात. हळद, चुना, तिखट, चहाची पावडर काही लावायचं नाही. घट्ट पट्टी बांधायची नाही. आणि त्याच दिवशी दवाखाना. आपल्याकडच्या वैद्यकीय सूचनांनुसार रानटी प्राण्याचा चावा सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या श्रेणीचा धरतात. त्यात लशीबरोबर जखमेत आणि तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. म्हणून नुसतं एक इंजेक्शन टोचून कोणी घरी पाठवत असेल तर विचारा. सरकारी दवाखान्यांत कातडीत देतात त्या लशीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात. शेवटचा दिवस लोक हमखास विसरतात. ‘दहा दिवस जनावरावर लक्ष ठेवू, ते जगलं तर काही नाही’ हा हिशेब पाळीव कुत्र्या-मांजरांपुरता आहे, आणि तिथेही लस सुरू करूनच वाट बघायची असते. रानटी प्राण्याला तो लागूच नाही. रेबीजची लक्षणं सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, लक्षणांच्या आधी लस पूर्ण झाली तर जवळजवळ हमखास वाचतो. लक्षणं दिसायला सहसा एक ते तीन महिने लागतात आणि तेवढ्यात लोक चावा विसरूनही जातात. वाशी, नेरूळ, ऐरोलीला महापालिकेची रुग्णालयं आहेत. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन कुठे आणि कोणत्या वेळेत मिळतं, हे आजच विचारून फ्रिजवर लिहून ठेवा.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं नातीशी बोलायचं आहे. मुलं ओरखडा लपवतात. ‘आई रागावेल’, ‘सुई टोचतील’, ‘आजोबा पुन्हा नेणार नाहीत’ या भीतीनं. परवाच्या प्रकारानंतर तर तुमच्या नातीला पक्कं कळलंय की कोल्ह्याचं नाव काढलं की घरात भांडण होतं. म्हणून तिला शांतपणे आणि सूनबाईंसमोर सांगा, की कोणत्याही प्राण्यानं चावलं, चाटलं, नख लावलं, आणि ती चूक तिची स्वतःची असली तरी, आम्ही रागावणार नाही. फक्त लगेच सांग. आणि पुढे कधी ती खरंच सांगायला आली, तर खरंच रागावू नका. तिथे एकदा आवाज चढला की सगळं मुसळ केरात.

कोल्हा पुन्हा अंगाशी आला तर? पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही. पोर बरोबर असेल तर तिला आपल्यामागे घ्यायचं. ताठ उभं राहायचं, हात वर, मोठा आवाज, काठी जमिनीवर आपटायची. त्याच्या निघून जाण्याची वाट अडवायची नाही. भिंत आणि माणसं यांच्यामध्ये सापडलेलं जनावर चावणारच. दगड मारू नका. उन्हाळ्याच्या तोंडाला पिल्लं दिसली तर ती ‘अनाथ’ म्हणून उचलून आणू नका, आई जवळपासच असते. आणि जखमी किंवा झोकांड्या खाणारा कोल्हा दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. खाडीकाठच्या तिवरांसाठी वन विभागाचा वेगळा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे, निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचतो.

आता तुमचे मित्र.

त्यांना चुकूनही ग्रुपमध्ये, सगळ्यांसमोर बोलू नका. व्हॉट्सॲपवर बातम्यांच्या लिंका टाकून तर मुळीच नाही. तुम्ही कंसात लिहिलेली माहिती मला त्या पत्रातली सगळ्यात बोलकी वाटली. ज्या माणसाची घरात कोणी वाट बघत नाही, त्याची रोज पहाटे कोणीतरी वाट बघत बसलेलं असतं. ते काढून घ्यायला तुम्ही निघाला आहात, एवढं मनात ठेवून बोला.

शिवाय घास घालण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. गोग्रास, काकबळी, मुंग्यांना साखर, चिमण्यांना तांदूळ. त्यांच्या घरी हे सगळं झालेलं असणार आणि ‘पुण्य लागेल’ हे ते मनापासून म्हणतात. म्हणून त्यांना ‘तुम्ही चूक करताय’ म्हणून काही उपयोग नाही. पण एक फरक त्यांनाही पटेल. गाय, कावळा, चिमणी ही दारातली जित्राबं, आपल्या अंगणात आणि खरकट्यावर वाढलेली. कोल्हा दारातला नाही. त्याला दारात आणलं की लोक त्याची तक्रार करतात, पिंजरा मागतात, नाहीतर परस्पर काठ्या घेतात. घास घालणारा सकाळी सहाला घरी जातो आणि काठ्या मारणारा सात वाजता येतो.

एखाद्या संध्याकाळी त्यांना घरी चहाला बोलवा. सुरुवात नातीपासून करा : परवा ती थोडक्यात वाचली, मला रात्रभर झोप लागली नाही. तुमच्या काळजीशी त्यांना वाद घालता येणार नाही. पुण्याच्या हिशेबावर घालता येईल. मग रेबीज ओळखता न येण्याचा मुद्दा सांगा, तो बहुतेकांना नवीन असतो. आणि मदत मागा. ‘हे कोल्हे तुम्हालाच ओळखतात, त्यांना पुन्हा लांब कसं न्यायचं ते तुम्हीच करू शकाल,’ असं म्हणा. ते खरंही आहे.

थांबवायचं ते एकदम. आज चार, उद्या दोन असं नको. अधूनमधून मिळणारा खाऊ जनावराला जास्त चिकटवतो. पहिले काही दिवस कोल्हे येतील, कदाचित आधीपेक्षा जवळ येतील, मागे चालतील. त्या दिवसांत ग्रुपनं वाट बदलावी, पुरतं उजाडल्यावर निघावं आणि खिशात खाण्याचं काही ठेवू नये. हळूहळू त्यांना कळतं. आणि इतकं करूनही मित्रांनी ऐकलंच नाही, तर वन विभागाला विनंती करा की एखाद्या वनरक्षकानं सकाळी तिथे येऊन सगळ्या फिरणाऱ्यांशी बोलावं, कोणा एकाचं नाव न घेता. खाकी कपड्यातल्या माणसानं सांगितलेलं आपल्याकडे लवकर पटतं, हा अनुभव तुम्हालाही असेल.

नातीला लांब ठेवू का, या प्रश्नाचं माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. लांब ठेवलेलं मूल व्हिडिओतून शिकतं, आणि तिथे काय शिकवतात ते आपण बघतोच : नागाच्या फण्यावर ओठ टेकवणारा माणूस, शेपटीला धरून लटकवलेली घोणस, मागे ढोलताशांचं संगीत. त्यातल्या कितीतरी जणांचा शेवट सर्पदंशानं झालेला आहे, पण तो व्हिडिओ कोणी तिला दाखवत नाही. शिवाय साप असे खेळवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. तिला हे जरूर सांगा. पण नुसतं ‘बघू नकोस’ म्हणून भागणार नाही, त्या जागी काहीतरी जास्त चांगलं द्यावं लागेल. सुदैवानं तुम्ही राहता तिथे ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

ओहोटीच्या वेळी तिला बांधावर घेऊन उभे राहा. चिखलात निवट्या दिसतील, पाण्याबाहेर येऊन पंखांवर सरकणारा, उड्या मारणारा मासा. नर पाठीवरचा पंख झेंड्यासारखा उभारून एकमेकांना धमकावतात. शेजारी लहान खेकडे, ज्यांच्या नराची एकच नांगी अंगाएवढी मोठी असते आणि ती तो सारखी हलवत असतो. हे पाहायला हात लावावा लागत नाही, जवळ जावं लागत नाही, आणि तासभर पोर जागची हलत नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक तिलाच काढायला लावा. कोळ्यांच्या पोरांना जे तोंडपाठ असतं ते आपल्या सोसायटीतल्या पोरांना तिथीही माहीत नसल्यामुळे अगदी परकं असतं.

चिखलातल्या पाऊलखुणा हा आणखी एक खजिना. कुत्रा आणि कोल्हा यांच्या ठशात नखांची टोकं उमटतात. मांजराच्या जातीची नखं चालताना आत असतात, म्हणून त्यांच्या ठशात ती दिसत नाहीत. मांजरीचा असो की बिबट्याचा, नियम तोच. ठशाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा, वहीत तारीख, वेळ, भरती की ओहोटी ते लिहायचं. प्राणी काय खातो, कोणत्या वेळी फिरतो, घाबरला की कुठे पळतो, एवढं वहीत जमत गेलं की त्याच्यापासून सुरक्षित कसं राहायचं हे तिला वेगळं शिकवावं लागत नाही. तीच तुम्हाला सांगेल की पहाटे साडेपाच ही कोल्ह्याची वेळ आहे, आपण सातला जाऊ.

तिच्यासाठी साधी ८ बाय ३०ची दुर्बीण घ्या. दुर्बीण हातात असलेलं मूल पुढे धावत नाही, कारण फार जवळ गेलं की नीट दिसतच नाही. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या आधीपर्यंत टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीवर फ्लेमिंगो येतात, तिथून सुरुवात करा. ऐरोलीला वन विभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे तिवरांची आणि खाडीतल्या जीवांची ओळख होते आणि भरतीच्या वेळा बघून फ्लेमिंगो दाखवायला बोटीही सुटतात. ठाणे खाडीचा तो भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेला. पनवेलच्या पुढे गोवा महामार्गावर कर्नाळा आहे, तिथे किल्ल्याच्या पायवाटेवर पक्षी भरपूर, आणि माकडंही. कर्नाळ्याला जाताना खाऊची पिशवी बॅगेच्या आत, चेन लावून. माकडानं पिशवीला हात घातलाच तर सोडून द्यायची. आणि त्याच्याकडे दात दाखवून हसायचं नाही, माकडांत ती धमकी समजतात.

सापाबद्दल थोडं सविस्तर, कारण त्या रात्री ती जेवली नाही हे मला टोचलं. तिचं वाईट वाटणं योग्य होतं, हे तिला कोणीतरी मोठ्यानं सांगायला हवं. कोणता साप होता ते तुम्ही लिहिलं नाहीत, बहुधा कोणी पाहिलंच नसेल. सोसायट्यांत निघणाऱ्यांत धामण, दिवड, कवड्या बरेच असतात आणि ते बिनविषारी. पण नाग, मण्यार, घोणसही निघतात, आणि गंमत अशी की कवड्या हुबेहूब मण्यारीसारखा दिसतो. दोघेही काळपट, अंगावर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारीचे उलट. हे चित्रावरून नातीला जरूर शिकवा, ती पाठ करेल आणि शाळेत मिरवेल. प्रत्यक्ष साप समोर असताना मात्र ही ओळखपरेड करायची नाही. लांब उभं राहायचं, मुलांना बाजूला घ्यायचं, तो कोणत्या कोपऱ्यात किंवा गाडीखाली गेला यावर एकानं नजर ठेवायची आणि १९२६ला किंवा अग्निशमन दलाला १०१ वर फोन करायचा. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते. तो आवाज आला की आहे तिथून मागे. वॉचमनला दोष देऊ नका, त्याला कोणी शिकवलेलंच नाही आणि रात्रपाळीला चटई टाकून जमिनीवर तोच झोपतो. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही, मग पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याच्यासाठी खाट, मच्छरदाणी आणि बॅटरी मंजूर करून घ्या. गंधक आणि फिनेलच्या खर्चापेक्षा त्याचा उपयोग जास्त. गंधकानं साप येत नाही हा निव्वळ भ्रम आहे. साप उंदरामागे येतो आणि उंदीर कचऱ्यामागे. पार्किंगमधलं भंगार, जुन्या फरश्यांचा ढीग आणि कचऱ्याची उघडी पिंपं आधी हलवा.

दंश झालाच तर हालचाल कमीत कमी. दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला आधार देऊन स्थिर ठेवायचा, अंगठी-बांगड्या लगेच काढायच्या. आवळून बांधायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे एक मिनिटही नाही. १०८ला फोन, किंवा मिळेल त्या गाडीनं मोठं रुग्णालय. साप पकडून न्यायची गरज नसते : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, परळच्या हाफकिन संस्थेतही ते तयार होत आलं आहे. कोणता साप हे माहीत नसेल तर डॉक्टर लक्षणं बघतात आणि काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटं ठेवून ते गोठतं का ते पाहतात. दंश करणारा साप बिनविषारीच होता असं घरच्या घरी ठरवून झोपायचं नाही. मारलेल्या सापालाही हात लावू नका, तुटलेलं डोकंसुद्धा काही वेळ चावू शकतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. रानटी प्राण्यांना रेबीजची लस देता येते. युरोपात लाल खोकडांसाठी (म्हणजे फॉक्स, आपल्या कोल्ह्याचा लांबचा भाऊबंद) लस घातलेलं आमिष रानात टाकतात. पहिला प्रयोग १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कोंबडीच्या मुंडक्यांत लस घालून झाला आणि पश्चिम युरोपातल्या बऱ्याच देशांतून खोकडांचा रेबीज त्यामुळे हटला. आपल्याकडे तशी मोहीम राबवली जात नाही, आणि बिस्किटात औषध घालून कोणी खासगीत करायचं हे कामही नाही. तुमच्या हातात कुत्र्यांचं लसीकरण आहे. भारतात रेबीज मुख्यतः कुत्र्यांमुळेच पसरतो. खाडीकाठची सगळी कुत्री लसवंत झाली तर कोल्ह्यांकडे जाणारी वाट बरीचशी बंद होते.

आणि इथे तुमच्या मित्रांची गरज आहे. महापालिका निर्बीजीकरण आणि लसीकरणासाठी कुत्री नेते आणि त्याच जागी परत सोडते, पण अनोळखी माणूस आला की कुत्री पांगतात. त्या घोळक्यातलं प्रत्येक कुत्रं तुमच्या मित्रांना ओळखत असणार, त्यांच्या हाकेला येत असणार. कोणाला लस झाली, कोणाची राहिली, याची यादी त्यांच्याइतकी चांगली कोणी ठेवू शकणार नाही. २०२३ च्या नियमांनुसार कुत्र्यांना खायला घालण्यासाठी सोसायटीनं जागा आणि वेळ ठरवून द्यायची असते, मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि जिन्यांपासून दूर. ती जागा खाडीच्या काठावर न ठेवता रस्त्याच्या अलीकडे, वस्तीच्या बाजूला ठरवा आणि तिचा ताबा त्यांच्याकडे द्या. चहाला बोलवाल तेव्हा महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाचा नंबर लिहून समोर ठेवा, आणि पहिला फोन त्यांनाच करू द्या.